बारीक माणसाची चरबी : एक प्रस्तावना

1999 साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापून आलं. लेखकांमध्ये लंडनचे जॉन युडकिन होते आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. विषय होता शहरी आणि खेड्यातल्या भारतीयांच्या रक्ताची तुलना. शहरी माणसांच्या रक्तात दाहाचे निरोप पोचवणारी प्रथिनं चढलेली होती, चरबीतून स्रवणारं लेप्टिनही चढलेलं होतं. खेड्यातल्या माणसांच्या रक्तात तसं काही नव्हतं. म्हणजे ताप नाही, जखम नाही, कुठे पू झालेला नाही, आणि तरीही शहरातल्या माणसाच्या अंगात एक मंद आच सतत चालू. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार इतका का होतो, याचं एक कारण इथे असू शकेल, असं लेखकांनी सुचवलं होतं.

आज ते टिपण घेऊन बारामती-इंदापूरला गेलं तर पहिलाच पेच पडतो : इथल्या माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं? नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास आला आणि या भागाचे दोन तुकडे पडले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर हा उसाचा, कारखान्यांचा, बागायती पट्टा. सुपे, मोरगावकडचा भाग जिरायत, पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी, नाहीतर टँकर. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला 1930 च्या दशकातच साखर कारखाना आला, पुढे उजनीचं पाणी आलं. बारामतीच्या एमआयडीसीत आज पियाजियोच्या गाड्या बनतात आणि फेरेरोची चॉकलेटंही. रानातला माणूस बांधापर्यंत मोटरसायकलवर जातो, पाणी द्यायची मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू करतो. त्याच रानात बीडकडून आलेलं ऊसतोडीचं जोडपं पहाटेपासून कोयता चालवत असतं. कागदोपत्री सगळे ग्रामीण. शरीराच्या हिशेबात मात्र बांधावर उभा असलेला मालक आणि वाकलेला मजूर एका रकान्यात बसत नाहीत.

मालकाकडे बघून तो लठ्ठ आहे असंही कुणी म्हणणार नाही. हातपाय बारीक, चेहरा ओढलेला, पोट तेवढं थोडं पुढे आलेलं. गावात त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणतात आणि कौतुकानेच म्हणतात. मग कधीतरी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात आणि शुगर निघते. घरचे चक्रावतात. 'अहो, पण हे तर बारीक आहेत!' तालुक्याच्या कुठल्याही डॉक्टरांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. पुढची प्रकरणं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेदऊतीबद्दल आहेत, म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत जगवलेल्या चरबीबद्दल. पण ती का वाढवायची, याचं आपल्याकडचं कारण या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

याज्ञिक आणि युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं. दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एक, 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखं. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. वजनकाट्याची इतकी मोजकी आणि इतकी सभ्य फजिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 30 वरून 25 वर आणली गेली आणि कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90, बायकांना 80 सेंटिमीटर ठरली, त्यामागे अशीच निरीक्षणं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचा हिशेब 2023 मध्ये आला : मधुमेही 10.1 कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर 13.6 कोटी, आणि पोटाभोवती जादा चरबी असलेले प्रौढ 39.5 टक्के.

बारीक अंगातली ही जादा चरबी आईच्या पोटात असल्यापासूनच सुरू होते, असं याज्ञिकांचं म्हणणं. 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमधल्या बायकांची त्यांच्या गटाने गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. या बायका रानात राबणाऱ्या, सडपातळ. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून जास्त हलकी. पण तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने राखलेली, खांद्याच्या पात्याखालची तर विशेष. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात 'थिन-फॅट' बाळ शिरलं ते आपल्या जिल्ह्यातून. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीत साखर पेलवेना, असं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे वाचून 1972 चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेल्या आयांची मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या अनेकांच्या रानात पुढे पाणी आलं. पोटात असताना दुष्काळ आणि चाळिशीत ऊस, अशी ही शरीरं आहेत.

आता चरबीकडे वळू. चरबी म्हणजे मुकी साठवण, हा समज वैद्यकातही फार काळ होता. तो मोडला 1990 च्या दशकात. 1993 मध्ये हॉटामिसलिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन तयार होतं असं दाखवलं. ते बंद पाडलं की इन्शुलिन पुन्हा बरं काम करू लागे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं, म्हणजे चरबी मेंदूशी बोलते हेही कळलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की लठ्ठ शरीराच्या मेदऊतीत महाभक्षी पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, ठाण मांडतात. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं एरवीचं काम. सडपातळ अंगाच्या मेदऊतीत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत. फार लठ्ठ माणसांत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, असा एका गटाचा अंदाज होता. त्या तिथे करतात काय? 2005 मध्ये इटलीच्या चिंती यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवलं : फुगून मेलेल्या मेदपेशीच्या तेलाच्या थेंबाभोवती या पेशी कडं करून बसलेल्या असतात. थेंब मोठा, गिळता येत नाही; सोडवत नाही. त्या तिथेच राहतात आणि दाहाचे निरोप सोडत राहतात.

मेदपेशी फुगून का मरते, हे या भागातल्या वाचकाला कारखान्याच्या गोदामावरून समजेल. गाळप जोरात आहे, उचल नाही, गोदाम छतापर्यंत भरलं; मग पोती आवारात, ताडपत्रीखाली, मिळेल तिथे. चरबीचं हक्काचं गोदाम म्हणजे कातडीखालची मेदऊती. ती नव्या पेशी तयार करून वाढू शकली तर जाड माणूसही बऱ्यापैकी निरोगी राहू शकतो. ती वाढू शकली नाही तर आहेत त्याच पेशी ताणल्या जातात, आणि उरलेली चरबी यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती, जिथे तिची जागाच नाही तिथे पडते. 2007 मध्ये अमेरिकेत दक्षिण आशियाई आणि गोऱ्या पुरुषांची तुलना झाली. दक्षिण आशियाई पुरुषांच्या कातडीखालच्या मेदपेशी आकाराने मोठ्या निघाल्या आणि इन्शुलिनला त्यांचं शरीर कमी दाद देणारं निघालं. गोदाम लहान आणि पोती ठासून, असा हा प्रकार. तेव्हा लठ्ठपणातला दाह हा जाड माणसांचा विषय आहे असं समजून कुणी बारीक वाचक हे पुस्तक मिटणार असेल, तर त्याने तूर्त थांबावं.

हे सगळं जिवंत माणसात बघणं अवघड. दाह हळू चढतो, वर्षानुवर्षं. आणि कुणाच्या पोटातली चरबी दर आठवड्याला काढून बघता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेले ऊतीचे नमुने. त्यातला एक जुना आणि आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा नमुना उंदराचा आहे : 3टी3-एल1. हॉवर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात उंदराच्या गर्भातल्या पेशींपासून हे वाण निवडलं. सुरुवातीला या पेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या, चपट्या, टोकदार. तळ पूर्ण भरला की दोन दिवस थांबायचं आणि मग इन्शुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स यांचं मिश्रण द्यायचं. चारपाच दिवसांत टोकं आखडतात, पेशी गोल होते आणि आत बारीक चकचकीत थेंब धरू लागतात. आठदहा दिवसांनी ऑइल रेड ओ हा रंग घातला की सगळी बशी शेंदरी-लाल दिसते. विद्यार्थी ही बशी पहिल्यांदा बघतात तेव्हा खूश होतात, आणि व्हावंच. पण नीट पाहिलं तर प्रत्येक पेशीत थेंब अनेक आणि बारके. माणसाच्या पिकल्या मेदपेशीत एकच मोठा थेंब असतो. केंद्रक कडेला चेपलेलं, आणि पेशीचा व्यास शंभर मायक्रॉनपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. फुगून फुटायला आलेल्या पेशीचा दाह बघायचा आणि नमुना म्हणून कधी नीट न फुगलेली पेशी घ्यायची, ही त्यातली गोची.

मग माणसाची पिकलेली मेदपेशीच का वाढवू नये? कारण ती तरंगते. आत सगळं तेल. बशीत घातली की वर येते, तळाला चिकटत नाही, पोषण नीट मिळत नाही आणि मरते. 1980 च्या दशकात जपानी संशोधकांनी यावर मजेशीर तोड काढली. फ्लास्क द्रवाने काठोकाठ भरायचा, म्हणजे पेशी वर तरंगत जाऊन छताला चिकटतात. चिकटल्या की फ्लास्क उलटा करायचा, छत तळ होतो. युक्ती नामी, पण अशा पेशी हळूहळू आपलं तेल टाकून पुन्हा चपट्या होऊ लागतात. तरंगणाऱ्या पेशीला अडकवून ठेवणारं काहीतरी हवं, या गरजेतून पुढची वाट निघाली : जेल, रेशमाच्या प्रथिनाचे सच्छिद्र तुकडे, लटकत्या थेंबात बनवलेले पेशींचे गोळे, आणि अलीकडे केसाएवढ्या वाहिन्या कोरलेल्या चिप, ज्यांतून पोषकद्रव सतत वाहतं. ही प्रत्येक पद्धत कशी करतात ते पुढे सविस्तर आहे, त्यामुळे इथे नुसती नावं घेतो.

दाहासाठी मेदपेशी एकटी पुरत नाही, भांडायला दुसरं कुणी लागतं. 2005 मध्ये जपानच्या सुगानामी आणि सहकाऱ्यांनी 3टी3-एल1 मेदपेशी आणि उंदराच्या महाभक्षी पेशी एकाच बशीत ठेवल्या. मेदपेशी स्निग्धाम्लं सोडतात, त्याने महाभक्षी पेशी टीएनएफ-अल्फा सोडतात, त्याने मेदपेशी आणखी स्निग्धाम्लं सोडतात : चक्र सुरू. मधे पडदा घालून दोघींना एकमेकींना शिवू दिलं नाही, फक्त द्रव ये-जा करू दिला, तरी चक्र चालत राहिलं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग. साधा आहे, आणि जिवंत शरीरात जे वेगळं काढून दाखवता येत नाही ते तो दाखवतो.

आता या बशांच्या खोडी सांगायला हव्यात, कारण शोधनिबंधांत त्या बारीक अक्षरात असतात. मेदपेशी ज्या पोषकद्रवात वाढवतात, त्याच्या नेहमीच्या प्रकारात लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असतं. डॉक्टरांच्या भाषेत 450. इतकी शुगर घेऊन कुणी दवाखान्यात आला तर त्याला लगेच दाखल करून घेतील. बशीत मात्र याच द्रवातल्या पेशींना 'निरोगी' म्हणतात आणि त्यांच्याशी 'आजारी' पेशींची तुलना करतात. प्राणवायूचंही तसंच : इन्क्युबेटरमध्ये जवळजवळ बाहेरच्या हवेइतका, शरीरातल्या चरबीला त्याच्या कितीतरी कमी. आणि दाह पेटवायचा कसा? सोपा मार्ग म्हणून अनेकजण जिवाणूच्या आवरणातलं विष, एलपीएस, टाकतात. काही तासांत सगळे निर्देशांक उसळतात, आलेख झकास येतात. पण तो दाह जंतुसंसर्गाचा, भडक आणि अल्पायुषी. बांधावरच्या त्या बारीक मालकाच्या पोटातली आच वीस वर्षांची आहे आणि तिथे जंतू कुणी टाकलेला नाही. एलपीएस टाकून 'लठ्ठपणाचा दाह' असं शीर्षक दिलेले निबंध वाचताना माझा हात आपोआप सैल होतो.

उंदरावरून माणसावर उडी मारताना काय होतं, याचा धडाही याच विषयाने दिला आहे. 1993 च्या शोधानंतर वाटलं, टीएनएफ अडवलं की मधुमेह हटणार. 1996 मध्ये मधुमेही रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिलं. इन्शुलिनच्या कामात फरक पडला नाही. एका प्रथिनाने हे सगळं चालत नाही, किंवा माणसाची चरबी उंदराच्या चरबीसारखी वागत नाही, किंवा दोन्ही.

म्हणून प्रश्न येतो पेशी कुणाच्या, हा. माणसाच्या मेदपेशींची जी मोजकी वाणं जगभर फिरतात ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांपासूनची. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींची वाणं पुरवणं हे तिचं सुरुवातीपासूनचं एक काम. म्हणजे पेशी जपण्याचं, गोठवण्याचं, वाटण्याचं ज्ञान आपल्या दारात आहे. 'थिन-फॅट' शरीराची कल्पनाही आपल्या जिल्ह्यातली. या दोन्ही गोष्टी एकाच शहरात असताना बारीक पण मधुमेही अशा मराठी माणसाच्या मेदपेशी बशीत वाढवून, त्यांना जाड आणि निरोगी माणसाच्या पेशींशेजारी ठेवून, कोण आधी फुगतं आणि कोण आधी पेटतं हे बघणं हा मला या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग वाटतो. इतर सगळी यंत्रं आणि चिपा याच्यापुढे दुय्यम.

याला विरोधी मत पुण्यातच आहे आणि ते नीट ऐकावं असं आहे. डॉ. मिलिंद वाटवे यांनी, आधी याज्ञिकांच्याच सोबत 2007 मधल्या एका निबंधात आणि पुढे 2012 च्या 'डव्ह्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबेटिस' या इंग्रजी पुस्तकात, असं मांडलं की इन्शुलिनला दाद न देणं हा मुळात वागणुकीतल्या बदलाचा परिणाम आहे. अंगमेहनतीने, झुंजीने जगणारं शरीर आणि बसून डोकं चालवून जगणारं शरीर आपली प्रतिकारशक्तीसुद्धा वेगळ्या ठिकाणी तैनात करतं. चरबी हा त्यातला एक दुवा, मूळ नव्हे. हे खरं असेल तर बशीतली चरबी आपल्याला अर्धीच गोष्ट सांगेल, कारण बशी रानात जात नाही आणि खुर्चीवर बसतही नाही. मालक आणि ऊसतोड मजूर यांच्यातला फरक खाण्याचा किती आणि वाकण्याचा किती, हे ठरवायला बशीबाहेर यावंच लागेल. मला वाटवे यांचं सगळं पटतं असं नाही. पण एखाद्या नमुन्यावर काम करताना तो काय दाखवूच शकत नाही हे आधी लिहून भिंतीवर लावावं, इतपत पटतं.

ही कामं आता हौसेची राहिलेली नाहीत. अमेरिकेने 2022 च्या डिसेंबरात कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारताने मार्च 2023 मध्ये औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून ऊतीचे नमुने आणि चिपवरचे अवयव यांना जागा दिली. उद्या दाहावरचं एखादं औषध आपल्याकडे येईल ते अशा बशीतून पुढे सरकून. बशीत उंदीर होता, अमेरिकन होता की इंदापूरचा माणूस होता, याने त्या औषधाचा डोस बदलू शकतो.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा तालुक्याच्या कुठल्याही शस्त्रक्रियागृहात हर्निया, पित्ताशय, सिझेरियन अशा ऑपरेशनच्या वेळी कातडीखालचा, कधी आतड्यावरच्या पडद्याचा चरबीचा तुकडा रोज कुठल्या ना कुठल्या बादलीत जातो. रुग्णाच्या परवानगीने आणि नैतिकता समितीच्या मंजुरीने त्यातला सुपारीएवढा भाग थंड द्रवात ठेवून पुण्याला पाठवता येतो. बारामती-पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून सोलापूर रस्त्याने थोडं जास्त. त्याच दिवशी कोलॅजिनेज हे विकर घालून पेशी सुट्या केल्या तर त्या जगतात. यासाठी तालुक्यात प्रयोगशाळा बांधायची गरज नाही. गरज आहे ती संमतिपत्र मराठीत आणि माणसाला कळेल अशा मराठीत असण्याची, आणि तुकड्यासोबत जाणाऱ्या कागदाची. तो कागद बहुतेक ठिकाणी वय, वजन, उंची आणि शुगरवर संपतो. त्यात कंबरेचा घेर हवा. दिवसभराचं काम काय, हे हवं. जन्माचं वजन हवं. घरी जन्मलेल्यांना ते ठाऊक नसतं, तेव्हा निदान जन्मसाल, आणि आई त्या वेळी बागायत गावात होती की जिरायत, एवढं तरी विचारून लिहून घ्यावं.